कातळेवाडी हॉल्टची खिडकी

प्रिय दर्शना,

सप्रेम जयभीम. अप्पाचं पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तू आणि आई फोनवर तासभर बोलता, मी शेजारी बसून ऐकतो. आईनं फोन पुढे केला की मला नेमकं गुरांना पाणी दाखवायचं आठवतं. चार वर्षं हेच चाललंय, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या जुलैत दरड कोसळली ते आईनं सांगितलंच असेल. गाडीची वेळ नव्हती म्हणून कोणी दगावलं नाही, पण आपला हॉल्ट खाडीत गेला. प्लॅटफॉर्म, बाकडं, माझी तिकिटाची खोली, सगळं. रूळ दोन महिन्यांत नीट झाले, हॉल्ट मात्र रेल्वेनं कायमचा बंद केला. आता गाडी शिटी मारत निघून जाते आणि वरच्या तिठ्यावरून दिवसाला दोन एसट्या रत्नागिरीला जातात.

एकोणीस वर्षं तिकिटं विकलेला माणूस घरात बसेल होय? रोज सकाळी तिठ्यावर जाऊन लोकांना लायनीत उभं करतो. कोणी सांगितलेलं नाही. कंडक्टर नम्रता चांगली पोरगी, पण मासेवाल्या काशीशी तिची रोज जुंपते. काशी म्हणते, रेल्वेत माझ्या टोपलीला कोणी नाक मुरडलं नाही. नम्रता म्हणते, मग जा रेल्वेनं! शेवटी मीच टोपली उचलून मागे ठेवतो. परवा नम्रतानं विचारलं, अप्पा, सगळ्यांना चढवता, स्वतः कधी चढत नाही, तुमचं कोणी नाही का कुठं? मी काशीची टोपली उगाच आणखी मागे सरकवली गो.

तू नर्सच्या नोकरीच्या मुलाखतीला निघालीस ती सकाळ आठव. मी जयगडच्या पाहुण्यांना तुझ्या लग्नाचा शब्द देऊन बसलेलो, डोक्यात राख घालून घेतलेली. तू खिडकीशी येऊन दादरचं जाऊन-येऊन तिकीट मागितलंस. दुसऱ्या कोणी मागितलं असतं तर निमूट दिलं असतं. तुला फक्त जायचं दिलं. तू तिकीट उलटंसुलटं करून बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस आणि गाडीत चढलीस. आईला वाटायचं तू हट्टानं येत नाहीस, आणि मी तिला तसंच वाटू दिलं. खोटं कशाला बोलू, हॉल्ट गेल्यावर रडलो, पण ती खिडकी गेली म्हणून बरंही वाटलं.

आईला रविवारी सगळं सांगितलं. दोन दिवस माझं ताट आपटून वाढलं, आज तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दळतेय. आणि मी काल पहिल्यांदा त्या एसटीत चढलो. रत्नागिरी स्टेशनात खिडकीपुढे, लायनीत, बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. सोमवारचं माझं दादरला जायचं एक तिकीट काढलं आणि शुक्रवारची परतीची दोन. बाय, तुला रजा नसेल, नाहीतर यावंसं वाटत नसेल, तर दुसरं खुशाल वाया जाऊ दे. पण ते मी तुझ्या हातात देणार आहे.

तुझाच,
चुकलेला अप्पा