पँटच्या दुमडीतली वाळू

१४ मे २००५, शनिवार. सकाळी साडेसात.

आणि चीजच्या दुकानाला सव्वा तास. किनाऱ्याला पंचवीस मिनिटं, कबरस्तानाला चाळीस, आणि चीजला सव्वा तास. बोटीवरच्या सहलीच्या काउंटरवर जाऊन त्या बाईला कागद दाखवला, म्हटलं हे उलटं छापलंय. ती म्हणाली, नाही मॅडम, लोकांना चीज आवडतं. म्हटलं, लोक तिथे चीजसाठी मेले काय. तिने हसून मला पुदिन्याची गोळी दिली. गोळी खाल्ली. तक्रार मागे घेतलेली नाही.

ही वही डॉक्टरणीने घ्यायला लावली. म्हणाली, ओपल, बीपी चढलं की माणसांवर ओरडू नकोस, यात लिही. मी ओरडत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं चारशे पोरांना जेवण वाढलंय. तिथे आवाज लागतो, तो तसाच राहिला.

प्लॅन साधा आहे. सोमवारी बोट फ्रान्सला लागणार, तिथून बसने ओमाहा किनारा. डॅडी वाळूवर उभे राहतील, मी शेजारी उभी राहीन, आणि एकसष्ट वर्षांत जे कुणाला सांगितलं नाही ते मला सांगतील. लेस्टरकाकाचं नेमकं काय झालं ते. दुसऱ्या महायुद्धात दोघे भाऊ एका तुकडीत होते, एकाच होडीतून तिथे उतरले. डॅडी बावीसचे, काका एकोणीसचा. मेरीलँडला एकटे डॅडी परत आले. आजी मरेपर्यंत विचारत होती. तिला नाही सांगितलं, आईला नाही, माझा भाऊ डेल, त्याला तर नाहीच. मला सांगतील. आमचं दोघांचं पहिल्यापासून वेगळं आहे.

डॅडींना ही सहल फार आवडली. तिकिटं दाखवली तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही त्यांच्या.

१४ मे. दुपारी.

मुद्दाम समुद्राकडची, गॅलरीवाली केबिन घेतली होती. डॅडी पडदा उघडू देत नाहीत. डोळ्यांना उजेड सोसत नसणार. दिवसभर लिफ्टजवळच्या खुर्चीत बसतात, तिथून समुद्र दिसत नाही. जेवणात दोन बिस्किटं. म्हटलं, बोट लागते का. तेव्हाही लागली होती का. म्हणाले, मीठ दे.

१५ मे, रविवार. संध्याकाळ.

ठरवलं. उद्या किनाऱ्यावर मी तोंड उघडायचं नाही. आज सराव केला. नाश्त्याला पाच मिनिटं गप्प बसले, मग माहितीपत्रक आलं म्हणून वाचून दाखवावं लागलं. त्या सकाळी ओहोटी होती, होड्या लांब थांबल्या, बरंच अंतर पाण्यातून चालावं लागलं, असं सगळं डॅडींना समजावून सांगितलं. त्यांना माहीत नसावं.

टेबलावरच्या एका बाईने चांगलं सांगितलं. तिथले क्रूस पांढरे, त्यावरची नावं पण पांढरी, फोटोत काही दिसत नाही. म्हणून घरचं कुणी आलं की कबरस्तानाचा माणूस किनाऱ्यावरची ओली वाळू अक्षरांत चोळतो. मग नाव सोन्यासारखं उठून दिसतं. मी पीनट बटरची रिकामी बरणी घेतली आहे. मी स्वतः चोळणार. आपल्या माणसाचं नाव दुसऱ्याच्या हातून कशाला.

डेलला फोन लावला. म्हणाला, ओपल, त्यांना बोटीवर राहू दे, बिंगो खेळू दे. डेल ॲरिझोनात राहतो आणि वर्षातून दोन फोन करतो, त्यातही अर्धा वेळ गप्प असतो. त्याला काय कळणार.

१६ मे, सोमवार. सकाळी सहा.

डॅडी साडेचारपासून तयार होऊन पलंगावर बसलेत. टाय लावलाय. केवढा उत्साह.

१६ मे. साडेअकरा. किनाऱ्यावरचा कठडा.

डॅडी बसमधून उतरले नाहीत. म्हटलं चला. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा धरला. म्हटलं पंचवीसच मिनिटं आहेत. म्हटलं एवढ्या लांब कशाला आलो. म्हटलं लेस्टरकाकासाठी तरी. मग जरा ओढाओढ झाली, ती कॅमेऱ्याच्या पट्ट्यामुळे. आमची गाइड सोलेन, फ्रेंच, तिशीची, म्हणाली, मॅडम, राहू द्या त्यांना. म्हटलं, तू तुझं चीज बघ.

एकटीच खाली गेले. पायऱ्यांजवळून बरणी भरली. मागे वळून बघते तर ड्रायव्हर डॅडींना पाव आणि खारं चीज भरवतोय. फेर्नां नाव त्याचं, साठीचा, हात शेतकऱ्यासारखे. आणि डॅडी खातायत. धावत गेले. मीठ बंद आहे त्यांचं म्हणून तीनदा सांगितलं. त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. तिसऱ्या वेळी पार्किंगमधले सगळे वळून बघायला लागले, तरी याला कळेना. डॅडी म्हणाले, ओपल, जा, तुझी मिनिटं संपतील.

किनारा साधाच आहे. माणसं कुत्री फिरवतात.

१६ मे. दुपारी दीड. कबरस्तानाचं पार्किंग.

काकाचा क्रूस सापडला. डॅडी बसमध्येच. वाळू कोरडी पडली होती, पाणी जवळ नव्हतं, म्हणून थुंकीने ओली केली. एक माणूस बादली घेऊन आला, म्हणाला, मॅडम, हे आम्ही करतो. म्हटलं, थुंकी त्याच्याच घरातली आहे. तो टोपी काढून बाजूला उभा राहिला. एकेक अक्षर भरत गेलं. लेस्टर स्टॉटलमायर. मेरीलँड. सहा जून.

फोटो काढला आणि बाहेर आले, तर बस नाही.

तेहतीस माणसं उन्हात उभी. सोलेन फोन लावतेय, फेर्नां उचलत नाही. माझा म्हातारा बाप त्या बसमध्ये. मी सोलेनला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पंचवीस मिनिटांनी बस आली. डॅडी पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी. सोलेन त्याच्याशी बोलून माझ्याकडे आली, म्हणाली, तुमच्या वडिलांनीच काठीने खाली समुद्राकडे दाखवलं, म्हणून तो घेऊन गेला. म्हटलं, माझ्या बापाने दहा वर्षांत कुणाकडे काही मागितलेलं नाही. मला सबबी नकोत, तक्रारीचा फॉर्म दे.

बसमध्येच भरला. दोन्ही बाजूंनी. चीजचं दुकान रद्द झालं. लोक माझ्याकडे बघतायत, जसं काही मीच बस पळवली.

१६ मे. संध्याकाळी सात.

डॅडींची पँट टांगताना खालच्या दुमडीतून वाळू सांडली. ओली. दोन्ही पायांची. बूट आतपर्यंत भिजलेले.

म्हटलं, तुम्ही पाण्यात गेलात? म्हणाले, हो. म्हटलं, त्या ड्रायव्हरबरोबर? म्हणाले, फेर्नां. नाव पाठ. म्हटलं, काय केलंत एवढा वेळ? म्हणाले, सांगत होतो. काय सांगत होतात? म्हणाले, सगळं.

म्हटलं, डॅडी, त्याला इंग्रजी येत नाही.

म्हणाले, हो ना.

मग पूर्ण ताट जेवले. सूप दोनदा मागितलं. परत आल्यावर गॅलरीचा पडदा स्वतः उघडला आणि बसले बघत.

वाळू झाडून बरणीत भरली. काही कारण नाही, केबिन झाडणाऱ्यांना त्रास नको.

१७ मे. सकाळी.

सरळ विचारलं. म्हणाले, एकदाच जमणार होतं, ओपल. झालं ते. म्हटलं, पंचावन्न वर्षांची झाले, केव्हापासून विचारतेय. म्हणाले, तू सांगतेस. विचारत नाहीस. म्हटलं, बरं, आता गप्प बसते. म्हणाले, बस. बसले. घड्याळ लावून बसले. चार मिनिटं झाली तेव्हा ते काहीतरी बोलणार होते, नक्की बोलणार होते, पण मला वाटलं त्यांना थंडी वाजतेय, म्हणून विचारलं स्वेटर देऊ का.

त्यांनी स्वेटर घेतला.

१८ मे.

काउंटरवर जाऊन सांगितलं, माझी तक्रार परत द्या. बाई म्हणाली, ती सोमवारीच बसकंपनीला पाठवली. एवढी स्पष्ट तक्रार आम्हाला क्वचितच मिळते. लिहिली चांगलीच होती मी. म्हटलं, मग दुसरी पाठवा, पहिली खोटी होती म्हणून. म्हणाली, खोटी होती का मॅडम? म्हटलं, खोटी कशाला असेल, बस गेलीच होती. म्हणाली, मग मी काय लिहू?

गोळी देत होती, घेतली नाही.

सोलेनचा पत्ता मात्र मिळवला. अर्धा तास उभी राहिले तेव्हा दिला. घरी गेल्यावर लिहीन. तो माणूस काहीतरी लपवतोय. न कळता कुणी एवढा वेळ ऐकत नाही.

३ जून. घरी.

फोटो धुऊन आले. डॅडींच्या मांडीवर क्रूसाचा फोटो ठेवला आणि तोंडात रुमाल धरून उभी राहिले. खरंच धरला. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, वाळू कुठून घेतलीस. म्हटलं, पायऱ्यांजवळून. म्हणाले, आणखी उजवीकडे.

उजवीकडे. हे मला सांगितलं. डेलला माहीत नाही.

आणखी उजवीकडे म्हणजे किती, हे त्या दिवशी नऊ वेळा विचारलं. ते बागेत जाऊन बसले.

२४ जुलै, रविवार.

सोलेनचं पत्र आलं. फेर्नांला सहलींच्या बसवरून काढलं. आता शाळेच्या बसवर आहे, पगार कमी. त्याने तिला जे सांगितलं ते तिने लिहिलंय. म्हातारे गुडघाभर पाण्यात उभे राहिले. काठीने इकडे तिकडे दाखवत होते. एक हात सगळा वेळ फेर्नांच्या खांद्यावर होता. त्याला एक शब्द कळला नाही, पण मध्येच निघून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून बसची वेळ गेली. शेवटी लिहिलंय, फेर्नां विचारतोय, मस्य लेस्टर, म्हणजे मिस्टर लेस्टर, कसे आहेत.

साधं नाव ऐकता येत नाही लोकांना. वाचून दाखवलं डॅडींना, म्हटलं, तुम्हाला लेस्टर समजतो तो. डॅडी म्हणाले, मी नाही म्हटलं नाही त्याला.

नंतर कपड्यांना इस्त्री केली. होत्या नव्हत्या सगळ्यांना.

संध्याकाळी डेलचा फोन. डॅडी चार सप्टेंबरला त्याच्याकडे राहायला जाणार. कायमचे. दोघांचं जूनमध्येच ठरलंय म्हणे. तिकडची हवा कोरडी, सांध्यांना बरी. हवेमुळेच जातायत. डॅडींना म्हटलं, डेलच्या घरी करमेल का, तो तर बोलतच नाही. म्हणाले, हो, बोलत नाही.

८ ऑगस्ट, सोमवार.

पत्र लिहिलं. पाठवण्याआधी इथे उतरवून ठेवते. तीनदा फाडलं, तिसरं जरा लांब झालं होतं.

श्री. फेर्नां, हे पत्र सोलेनबाईंकडून वाचून घ्या. त्यांना मी बसजवळ वाईट बोलले, तेही त्यांनी तुम्हाला सांगावं. तुमच्याविरुद्ध तक्रार करणारी मीच. कंपनीला वेगळं पत्र लिहिलंय की तुम्ही बस घेऊन गेलात ते बरोबर केलंत आणि मी ते चुकीचं लिहिलं. उपयोग होईल की नाही माहीत नाही. माझ्या हाताने झालंय, तर निस्तरायचंही मलाच.

म्हातारे बरे आहेत. जेवतात. त्यांचं नाव लेस्टर नाही, हार्लन आहे. लेस्टर त्यांचा धाकटा भाऊ, तो वर कबरस्तानात आहे. पण त्यांनी तुम्हाला तसं म्हणू दिलं असेल, तर तुम्ही तसंच म्हणा.

तुम्हाला इंग्रजी येत नाही, मान्य. आधी नव्हतं मान्य. तेव्हा शब्द सांगू नका. मी विचारते तेवढंच सांगा. पायऱ्यांपासून उजवीकडे किती लांब गेलात, पावलांत सांगितलं तरी चालेल. पाण्यात दाखवत होते की वाळूत. रडले का. तुम्ही त्यांना गप्प बसून कसं ऐकलंत, म्हणजे हात कुठे ठेवला होतात, तोंडाकडे बघत होतात की समुद्राकडे. हे मला नीट लिहून पाठवा, मला ते जमत नाही.

आणखी एकच. त्या सगळ्या बोलण्यात कुठे ओपल असं काही आलं होतं का? मोठ्याने स्वतःशी म्हणून बघा, ओपल, मग आठवेल. नसेल आलं तर नाही म्हणून लिहा, उगाच बरं वाटावं म्हणून हो लिहू नका.

ते रविवारी, चार सप्टेंबरला, सकाळच्या विमानाने जाणार आहेत. मला तुमचं उत्तर शनिवारी, तीन तारखेच्या टपालापर्यंत पाहिजे.