जेवणाची ड्युटी

हेस्टनेस, ९ ऑक्टोबर

प्रिय हेर्दिस मावशी,

तुझा गुडघा कसा आहे? विचारायचं म्हणून विचारत नाहीये, खरं सांग. मी ठणठणीत. इथली सफरचंदं उतरवून झाली, सकाळी गवतावर दव गोठलेलं असतं, आणि तू विणलेला स्वेटर मी रोज घालतो. कुणीतरी वासाची तक्रार करेपर्यंत घालणार आहे.

मागच्या पत्रात तू विचारलंस, "तिथून कधी पळणार?" रागावलो नाही. एक हंगाम बोटीवर, एक उन्हाळा डेन्मार्कच्या जत्रेत पाळणा फिरवत, मग ते बकऱ्यांचं फार्म. असा हिशेब असलेल्या भाच्याला दुसरं काय विचारणार? (त्या फार्मवरच्या बोकडाने मालकिणीची टोपी खाल्ली होती ते तुला सांगितलं का? नंतर सांगतो.) तर नाही, अजून पळालो नाही. तुरुंगातून न पळणारा मी एकटाच नाही म्हणा.

मला हे पहारेकऱ्याचं काम आवडतं, मावशी. शाळा अर्धवट म्हणून मी अजून कायम नाही, बदली कामगारच आहे, डिसेंबरअखेर करार संपतो. पण आमची तुरुंगप्रमुख विबेके "वाढवू की" म्हणाली आहे, म्हणजे वाढवेल.

तुला इथलं जेवण माहीत नाही. आमच्या विभागात डझनभर कैदी. स्वयंपाक तेच करतात, म्हणजे अर्नफिन करतो आणि बाकीचे त्याच्या शिव्या खात बटाटे सोलतात. अर्नफिन साठीचा आहे. जहाजावर आचारी होता, आणि जहाजातून माशांपेक्षा चोरटी दारू जास्त उतरवायचा, म्हणून इथे. दुपारी चारला सगळे एका लांब टेबलावर बसतात आणि ड्युटीवरचे आम्ही दोघे त्यांच्यातच बसतो. तेच बटाटे, तोच पाण्याचा जग. तिथे बसून सगळं कळतं. दोघांचं जुंपायचं असेल तर आदल्या दिवशीच एक जण दुसऱ्याकडे मीठ सरकवायचा बंद होतो. मग आम्ही त्यातल्या एकाला घेऊन तळ्याकाठी फेरी मारून येतो, आणि जुंपत नाही.

आता या टेबलावर गदा आली आहे. विबेकेने जानेवारीपासूनचा ड्युटीचा नवा तक्ता काढला. त्यात जेवणाची वेळ म्हणजे आमची सुट्टी. बिनपगारी. कुठेही जेवा, टेबलावर बसायची हौस असेल तर बसा, पण ती हौस तुमची.

ओड्वारला तू पाहायला हवंस. तो आमच्या युनियनचा इथला प्रमुख. कपाटाएवढा माणूस, बोलतो सावकाश, जणू प्रत्येक शब्दाची पावती मिळणार आहे. सभेत उठला आणि म्हणाला, "विबेके, सुट्टीत मी माझा डबा घेऊन माझ्या खोलीत बसणार. माझं बघून सगळे बसणार. आणि टेबलावर आमच्यापैकी कुणी नसलं की नियमाप्रमाणे कैद्यांची दारं बंद. मग ते बसतील आपापल्या खोलीत, ताट मांडीवर घेऊन, भिंतीकडे बघत. तेवढ्यासाठी एवढं लांब टेबल कशाला? सरपणाला दे."

विबेके म्हणाली, "मी कुणालाही टेबलावरून उठवत नाहीये. तुमच्यातल्याच एकाने मला सांगितलं, की जेवताना आपण कामावर आहोत असं त्याला वाटतसुद्धा नाही. दिवसातला सगळ्यात छान वेळ, म्हणाला."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"कोण तो?" ओड्वारने विचारलं.

"नाव सांगणार नाही."

"नको सांगूस. उद्या ज्याचे दोन दात कमी दिसतील तो."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. बहुतेक सगळ्यात मोठ्याने मीच.

मावशी, तू मासळीच्या कारखान्यात एवढी वर्षं युनियन चालवलीस. अशा माणसाबद्दल तुला काय वाटतं? सहज विचारतोय. मूर्ख म्हणायचा की बदमाश?

स्वेटरची बाही कोपराशी उसवली आहे. घरी आलो की दाखवतो.

तुझा
सिंद्रे


हेस्टनेस, ६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं उत्तर मिळालं. गुडघ्यात इंजेक्शन घेतलंस आणि वर जिना धुतलास, हे वाचून डॉक्टरची दया आली.

माझ्या प्रश्नाचं तू एका ओळीत उत्तर दिलंस: "मूर्ख. बदमाशाने बोलण्याआधी स्वतःसाठी काहीतरी मागून घेतलं असतं."

बरं वाटलं वाचून. कारण तो मीच.

आता शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. सफरचंदं उतरवताना विबेके आली होती. प्रमुखबाई असली तरी शिडी धरते, तोरा नाही तिला. मी वर, ती खाली. "कसं चाललंय सिंद्रे?" असं कुणी विचारलं की मला गप्प बसता येत नाही, तुला माहीतच आहे. मी बोटीवरच्या जेवणापासून सुरुवात केली, जत्रेतल्या सॉसेजपर्यंत आलो, आणि मग तेच बोललो जे तिने सभेत सांगितलं. शब्द माझेच, एकही वाढवला नव्हता तिने. मला वाटलं मी तुरुंगाचं कौतुक करतोय. तिला ते तक्त्यात बसवता येईल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

एवढंच असतं तर निभावलं असतं. पण मग युनियनने आमच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या, खोलीच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लावलं: "कैद्यांबरोबर जेवणं हे काम आहे." काच व्हरांड्याकडे. व्हरांड्यातून स्वयंपाकघरात जायची वाट. पुढचं सांगायला नको.

त्या दिवशी खिम्याचे गोळे होते, तपकिरी रश्श्यातले. मी नेहमीच्या जागी बसायला गेलो तर तिथे ताट नाही. टेबलाच्या पार टोकाला एक ताट, सुरी-काटा मोजून मांडलेला, शेजारी घडी घातलेला कागदी रुमाल. अर्नफिन कमरेत वाकून म्हणाला, "साहेबांची ड्युटी इकडे."

कुणी हसलं नाही.

"अर्नफिन, काय झालं?"

"काही नाही. माझ्या हातचं खाणं हे काम आहे म्हणे. जड काम. त्याचा पगार मागतात. मी म्हटलं, साहेबांना त्रास नको, लांबच बसू देत."

"ते तसं नाहीये."

"मग कसं आहे? तू दोन-दोनदा वाढून घ्यायचास. मला वाटायचं, पोराला आवडतं. आता कळलं, ओव्हरटाइम करत होतास."

मावशी, मला जत्रेत एकदा चाकूवाल्याने धमकावलं होतं, तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. मग खरं ते बोललो.

"मला आवडतं," मी म्हटलं. "पण हे बघ. आजवर जिथे जिथे माझं बिनसलं, तिथून मी उठून गेलोय. बोटीवरून गेलो, जत्रेतून गेलो. तिथे कुणी अडवलं नाही. इथे तू माझ्या अंगावर खेकसलास, त्याने ताट भिरकावलं, याने रडायला सुरुवात केली, तरी मला उठता येत नाही. आवडो न आवडो, बसायचंच. जिथून उठता येत नाही ते काम."

अर्नफिनने रश्श्याचा डाव खाली ठेवला.

"उठता तर मलाही येत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग मला युनियनचा सभासद कर. मागच्या तीन वर्षांच्या थकबाकीसकट."

टेबल हसलं. त्याने माझं ताट उचलून जागेवर आणून आपटलं आणि दोन गोळे जास्त वाढले. म्हणाला, "खा. गाळ घाम."

म्हणजे त्याचं माझं मिटलं. ओड्वारचं मिटायचंय. त्याला अजून माहीत नाही. शुक्रवारी व्यवस्थापनाबरोबर बोलणी आहेत, आणि बदलीवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून त्याने नेमकं मलाच शेजारी बसवायचं ठरवलंय, कारण मी "बडबड्या आहे पण मनाने साफ आहे." तिथे विबेके ते वाक्य पुन्हा काढणार. मी गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही. करारही वाढेल.

पण मी बोलणार आहे. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसायचा मला कंटाळा आला. आणि काय बोलायचं ते आता मला माहीत आहे. काळजी करू नकोस, मी छान बोलतो.

तुझा (मूर्ख, बदमाश नव्हे)
सिंद्रे


हामार, ४ जानेवारी

प्रिय हेर्दिस मावशी,

नवं वर्ष सुखाचं जावो. तुझा केक पोचला. वाटेत त्याचा चुरा झाला होता, पण चमच्याने खाता आला. इथे इतकी थंडी आहे की बसचा दार उघडणारा खटका गोठला होता आणि आम्ही सगळे उतारू ड्रायव्हरच्या खिडकीतून चढलो. एक बाई पिशवीत जिवंत कोंबडी घेऊन होती. कोंबडीने ड्रायव्हरला चोच मारली. म्हणजे काय मजा... असो.

पाकिटावरचा पत्ता बदललेला तू पाहिलाच असशील. एका मित्राच्या सोफ्यावर आहे. सांगतो.

बोलणी झाली. विबेकेने अपेक्षेप्रमाणे सुरुवात केली: "तुमच्यातल्याच एकाने..."

ओड्वार म्हणाला, "नाव घे, नाहीतर ते वाक्य मागे घे."

"दोन्ही करणार नाही."

"मी म्हणालो होतो," मी म्हटलं.

ओड्वारने मान वळवली. एवढं मोठं डोकं वळायला वेळ लागतो.

विबेकेने विचारलं, "खरं होतं का ते, सिंद्रे?"

"खरं होतं. आवडतं मला. बोटीवर असताना पहाटेचा समुद्रही आवडायचा. मालकाने त्याचे पैसे कापले नव्हते." मग अर्नफिनला सांगितलं होतं ते सांगितलं, त्याचं नाव न घेता. उठता येण्याचं आणि न येण्याचं. शेवटी म्हटलं, "विबेके, तू म्हणतेस हौस असेल तर बसा. हौसेने बसलेला माणूस पहिलं ताट फुटलं की उठेल, आणि तुला त्याला काही म्हणता येणार नाही. तुला न उठणारा माणूस हवाय. त्याला पगार असतो."

तिने नवा तक्ता समोरून बाजूला सारला. मग म्हणाली, "माझ्याशी पुढच्या वेळी शिडीवरून कमी बोल." आणि हसली. तिथेच टेबल वाचलं, मावशी. मी वाचवलं. फुशारकी वाटली तर वाटू दे.

पण वरून येणारा पैसा वाढणार नव्हता. जेवणाचे तास पगारात धरायचे तर ते दुसरीकडून काढावे लागणार, आणि विबेकेने स्पष्ट सांगितलं की दुसरीकडे म्हणजे बदलीवाले. नव्या वर्षात बदलीचे करार वाढणार नाहीत. असे इथे आम्ही दोघंच. दुसरी मुलगी तशीही बाळंतपणाला चाललेली.

ओड्वारने सही करण्याआधी पेन खाली ठेवलं. मला म्हणाला, "पोरा, तुझ्यासाठी थांबायचं असेल तर आत्ता सांग. मी उठतो, तेही उठतील, महिनाभर भांडू. दात अजून शाबूत आहेत तुझे, बोल."

मी म्हटलं, "कर सही."

लगेच म्हटलं. विचार केला असता तर कदाचित दुसरंच काही बोललो असतो.

आता तुला वाटेल, या पोराला काय, जाणं त्याच्या पायातच आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पण परवा मी गणवेश आणि बूट परत करायला गेलो. नेमका चार वाजता पोचलो. मुद्दाम नाही. बरं, मुद्दाम. व्हरांड्यात मटण-कोबीचा वास. अर्नफिनने दारातूनच ओरडून सांगितलं, "ताट मांडलंय! बस, पगाराशिवाय कसं लागतं ते बघ!"

मी कोट काढायला लागलो. ओड्वार ड्युटीवर होता. तो उठून आला आणि दारात उभा राहिला. दार भरलं.

"नाही बसायचं, सिंद्रे."

"एक ताट तर आहे. मी तसाही आता कुणाचा नोकर नाही."

"म्हणूनच. आज तू फुकट बसलास, की या टेबलावर फुकट बसता येतं हे मी स्वतःच्या हाताने विबेकेला दाखवलं. तुझ्याच नोकरीच्या मोलाने जे मिळवलंय ते मटण-कोबीत घालवू?"

मला राग यायला हवा होता. पण त्याचं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे सगळ्यात आधी मलाच कळायला हवं होतं. आतून अर्नफिन म्हणाला, "बघा, इथे आत शिरायलाही पात्रता लागते." सगळे हसले. मीही हसलो, या वेळी बेताने. ओड्वारने माझा हात हातात घेतला, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाला, "रीतसर ये. जागा कुठे जात नाही."

मग मी बर्फातून बसथांब्यापर्यंत चालत आलो. मावशी, आजवर कुठलीही जागा सोडताना मी मागे वळून बघितलं नव्हतं. या वेळी बघितलं. खिडकीत दिवा होता, आणि सगळे एकमेकांकडे बटाटे सरकवत होते.

तर आता ऐक. तुरुंग कर्मचाऱ्यांच्या शाळेत जायचं तर आधी माझं अर्धवट शिक्षण पुरं करावं लागेल. गणित आणि नॉर्वेजियन, वसंतात परीक्षा. मी कालच नाव घातलं. पास होईन, यात मला शंका नाही. गणितात थोडी आहे, पण तू कारखान्यात सगळ्यांचे पगार तोंडी तपासायचीस, तू शिकवशील. तुझी माडीवरची खोली रिकामी असेल तर शनिवारच्या बसने येतो. जिना मी धुईन.

लोक तुरुंगातून बाहेर पडायला धडपडतात. तुझ्याकडे आता उलटा माणूस येतोय.

आत जाण्यासाठी रांगेत उभा असलेला,
तुझा
सिंद्रे