फोटोखालचं पद

३ जानेवारी
बैलजोड्यांच्या शर्यतीचे, म्हणजे आमच्या शंकरपटाचे, आयोजक लालसिंगभाऊंनी होकार दिला. पटाचा माईक माझ्याकडे! खरं तर 'पाहू' म्हणाले, पण मोठी माणसं होकार असाच देतात.
सासरे देवराव मारेगावहून पट पाहायला येणार. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून रुपालीला विचारतात, जावई करते तरी काय? या वेळी फ्लेक्सवर माझा फोटो, खाली पद. वाचा म्हणावं.

५ जानेवारी
पद कोणतं? डिक्शनरी आणली. अँकर टीव्हीवर असतो. होस्ट म्हणजे जेवू घालणारा, झेपणार नाही. कॉम्पियर भारदस्त, पण उच्चार मलाच जमत नाही. एमसी आपल्याकडे चारचौघांत म्हणवत नाही.
संकल्प: रोज पहाटे पाचला आवाजाचा रियाज.

६ जानेवारी, सकाळी साडेनऊ
आत्ता उठलो. आवाजाला विश्रांतीही लागते.

९ जानेवारी
फ्लेक्सवाल्याला सकाळी 'अँकर' कळवलं. दुपारी 'कॉम्पियर'. संध्याकाळी 'प्रेझेंटर'. तो म्हणाला, भाऊ, कायले डोकं खाऊन राह्यले? अडाणी.

१२ जानेवारी
फ्लेक्स लागला. अठ्ठावीस फोटो. मी नाही. बरंच झालं, एवढ्या गर्दीत पद कोण वाचणार?
प्रस्तावना तीन पानं झाली. त्यात दोन शेर.

१४ जानेवारी
माईक मिळाला. 'रसिकहो' म्हणून सुरुवात केली. पहिलं पान संपायच्या आत तीन बैलजोड्या पळूनही झाल्या. कोणाच्या, किती सेकंदांत, काहीच पुकारलं गेलं नाही. मालक अंगावर आले. लालसिंगभाऊंनी माईक काढून पुतणीला, उज्ज्वलाला दिला. तिला जोडी, मालक, गाव सगळं तोंडपाठ. त्यात कला ती काय?
दुपारी माईक पुन्हा पाच मिनिटं माझ्याकडे. एक पांढरी गाडी रस्त्यात आडवी लागली होती. नंबर दोनदा वाचला. उच्चार स्वच्छ.

१५ जानेवारी
निघताना सासरे रुपालीला म्हणाले, जावयाचा आवाज साफ हाय, एसटी स्टँडवर पुकारायच्या नोकरीले लागले काय? रुपालीने माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, मले काहून सांगतलं नाही?
मी त्यांची पिशवी दारापर्यंत नेली.
त्यांना पोचवायला स्टँडवर मात्र गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणालो.