तळ्यातला एकेचाळिसावा वाटा

मी, खाली सही करणार असलेली, वय वर्षे त्रेपन्न, धंदा मत्स्य सोसायटीची मापाडी, राहणार तळ्याच्या धक्क्यालगत, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. कागदोपत्री असलेले माझे नाव सोबतच्या ओळखपत्रावर आहे. ते फक्त बँक वापरते. बाकी सारे मला फूटपट्टी म्हणतात. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ती नाही, असा मुद्दा सोसायटीच्या गेल्या तीन सभांत निघाला, पण ठराव एकदाही मंजूर झाला नाही.

माझी प्रकृती उत्तम आहे. तरीही हे लिहिण्याचे कारण असे की, पुलाजवळचे आजोबा काहीही न लिहिता गेले. त्यांच्या तीन मुलांपैकी प्रत्येकाने स्वतःला वारस मानले आणि एकाच हंगामात बापाचा तळ्यातल्या माशांचा पूर्ण वाटा तिघांनी तीनदा पकडला. तिघांनीही वाट्याची एकच चिठ्ठी आळीपाळीने आणली आणि मी तिन्ही वेळा मासे तोलले, कारण चिठ्ठी खरी होती. ही चूक माझी. तळ्याला मात्र कोणी विचारले नाही की बाबा, तुझ्यात आजोबा किती होते?

कलम १. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी अकरा वर्षांपूर्वी रागाच्या भरात लिहिले होते आणि त्यात माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, "काहीही नाही" हे शब्द तीन वेळा आले आहेत. वकील म्हणाले, कायद्याला एकदा पुरते.

कलम २. मी लग्न केलेले नाही, मुलेबाळे नाहीत. हे वाक्य लिहिताना मला वाईट वाटले नाही, वकिलांना वाटले. सबब माझे दोन खोल्यांचे घर आणि त्यामागची जाळ्यांची खोली मी दादाच्या मुलीला, माझ्या पुतणीला, देत आहे. अट एकच: धक्क्याकडच्या खिडकीला पडदा लावू नये. सोसायटीचे निम्मे नियम त्या खिडकीने पाळून घेतले आहेत.

शिलाई मशीन आजच वहिनीकडे पोचते केले आहे, ते या कागदात धरू नये. दादाचा आणि माझा अबोला होता तेव्हा ती मागच्या दाराने यायची आणि म्हणायची, "मी आलेच नाही हं." मी म्हणायची, "मी पाहिलंच नाही." अशी आमची दर आठवड्याची भेट.

कलम ३. बँकेतील शिल्लक सोसायटीच्या वजनकाट्याच्या दुरुस्तीसाठी. काटा पावशेर कमी दाखवतो, हे सर्वांना ठाऊक आहे आणि सर्वांनाच ते सोयीचे आहे.

कलम ४. या कलमात मी माफी मागते. तळे बंद ठेवण्याची कल्पना माझी होती.

त्या काळी तळ्यावर एकेचाळीस घरे होती आणि एकेचाळीस घरांचे एकच तत्त्वज्ञान होते: मी नाही पकडला तर शेजारी पकडणार. बारभाईंची खेती, काय लागेल हाती. मासे बोटाएवढे झाले. मी सभेत उठून म्हटले, अंडी घालायच्या दिवसांत दोन महिने तळे बंद ठेवू या. टाळ्या पडल्या. त्या दोन महिन्यांत माशांनी अंडी घातली आणि माणसांनी मोठ्या होड्या बांधल्या. उघडण्याच्या सकाळी सगळे एकदम पाण्यात. नऊ दिवसांत वर्षभराचे मासे बाहेर आले. दुसऱ्याच दिवशी बर्फ संपला, चौथ्या दिवशी गिऱ्हाईक संपले, आणि सहाव्या दिवशी धक्क्यावरच्या मांजरांनीही तोंड फिरवले. दादा त्या ढिगाऱ्यापुढे उभा राहून म्हणाला, "वा गं अक्कल! दोन महिने आम्हाला उपाशी ठेवलंस, आता मासे पुरायला खड्डा तूच खण."

मी खणला. त्याने मदत केली, हेही नोंदवते.

त्या खड्ड्यातून वाटे निघाले. आता आधी पिल्लांची मोजणी होते, मग यंदा किती पकडायचे ते ठरते, मग त्याचे एकेचाळीस सारखे वाटे. आपला वाटा आज पकडा नाहीतर चार महिन्यांनी. शेजारी तो नेऊ शकत नाही. घाई गेली, आणि घाईबरोबर निम्मी भांडणे गेली. उरलेली निम्मी माझ्या वाट्याला आली, कारण जाळी मापायचे काम माझ्याकडे आले.

कलम ५. शहरातल्या तज्ज्ञांचा दोनशे चाळीस पानांचा अहवाल सोसायटीच्या कचेरीतच राहू द्यावा. तो टेबलाच्या आखूड पायाखाली आहे, हलवू नये. हे तज्ज्ञ तळ्याची किंमत काढायला आले होते. घरोघर एकच प्रश्न: तळे टिकावे म्हणून दरमहा किती द्याल?

दादा म्हणाला, "माझंच तळं, मी कशाला देऊ?" त्यांनी शून्य लिहिले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "खरंच द्यायचेत की नुसतं सांगायचंय?" नुसतं सांगायचंय म्हटल्यावर त्यांनी असा आकडा सांगितला की त्यात शेजारी दुसरे तळे खणून झाले असते. तज्ज्ञांनी दोन्हींची सरासरी काढली. तरी एक कबूल करते: त्या अहवालामुळे वरच्या अंगाच्या कारखान्याला पाणी सोडण्याआधी गाळावे लागले. शून्यापेक्षा चुकीचा आकडा बरा, हे मी तेव्हा शिकले.

कलम ६. माझी पितळी पाचर, जी जाळ्याच्या भोकात घालून भोकाचे माप घेतात, आणि कात्री, जी पाचर अडकल्यास वापरतात, या दोन्ही वस्तू मापाडीच्या कामाबरोबर जातील. कात्रीविषयी खुलासा आवश्यक आहे. अकरा वर्षांपूर्वी दादाच्या कोऱ्या जाळ्यात पाचर अडकली. नियम असा की छोट्या भोकाचे जाळे तिथेच, सर्वांदेखत कापायचे. मी कापले. कापताना तो फक्त एवढे म्हणाला, "सावकाश काप, बोट कापशील." नंतर चार वर्षे बोलला नाही.

अबोला संपला तो डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. दोघांचेही गाल सुजलेले, बाकावर जागा एकच. त्याने विचारले, "तुझीही वरचीच का?" मी मान हलवली. तेव्हापासून आम्ही बोलतो.

कलम ७. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे तळ्यातला माझा वाटा. सोसायटीचा नियम असा की मापाडीचा वाटा ज्याला जाईल त्यालाच मापाडीचे काम जाईल; वाटा हवा आणि काम नको, हे चालत नाही.

हा वाटा दोघांना हवा आहे. पुतणी आठ वर्षे उथळ पाण्यात गुडघाभर उभी राहून पिल्ले मोजते आणि मला म्हणते, "आत्या, मोजून काय उपयोग, मापणारा ढिला असेल तर?" दादा म्हणतो की भोके थोडी लहान केली तर काही बिघडत नाही, बर्फगाडीवाला आता लहान मासेही घेतो. त्याच्या हाती पाचर देणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे गावात बोलले जाते. मीही बोलले आहे.

तरीसुद्धा हा वाटा मी पहिल्यांदा दादाला देते. त्याने नाकारल्यास पुतणीला. कारण लिहून ठेवते. रिवाजाने हक्क थोरल्याचा आहे. त्याला डावलून वाटा परस्पर पोरीला दिला तर बापलेकीत अबोला सुरू होईल, आणि आमच्या घराण्याला त्या कामाचा अनुभव आता पुरे झाला. तळे बिघडले तर दहा वर्षांत सावरते, हे मी पाहिले आहे. माणसांचे मला खात्रीने सांगता येत नाही.

कलम ८. हे कलम वकिलांच्या मसुद्यात नव्हते. वकील आणि पहिल्या साक्षीदार डॉक्टरीणबाई हजर आहेत; दुसरे साक्षीदार बर्फ कारखान्याचे मालक ठरले होते, ते अजून यायचे आहेत. त्यांच्याआधी दादा आला, न बोलावता. मी सातवे कलम त्याला वाचून दाखवले. त्याने चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचले.

"म्हणजे मी मापाडी?"

"हो."

"माझं जाळं मीच मापायचं?"

"सर्वांदेखत."

"आणि नाही म्हटलं तर पोरगी मापणार?"

"कात्रीसकट."

त्याने खिडकीबाहेर पाहिले. बाहेर पुतणी उथळ पाण्यात वाकून मोजत होती आणि मध्येच आकडा विसरल्यासारखी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती. मग त्याने वकिलांना विचारले, "साहेब, साक्षीदाराला या कागदातून काही मिळू शकतं का?"

वकील म्हणाले, "नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणारं जातं."

"कायमचं?"

"कायमचं. नंतर तक्रार चालणार नाही."

"पेन द्या," दादा म्हणाला.

मी म्हटले, "दादा, नीट विचार कर. माझा राग म्हणून करू नकोस."

"तुझा राग करायला मला सही लागत नाही," तो म्हणाला. "पोरगी चार वर्षं गप्प बसणाऱ्यातली नाही, मला रोज ऐकवेल. त्यापेक्षा जाळं कापलेलं परवडलं. चल, तुझी सही आधी व्हायला हवी ना?"

सबब दादाने वाटा नाकारला असे समजून तो वाटा, मापाडीचे काम, पाचर व कात्री माझ्या पश्चात पुतणीला मिळतील. बर्फवाले आल्यास त्यांना चहा द्यावा, जागा भरली आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि शेवटचा भाग माझ्या अपेक्षेपेक्षा बरा आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण: जाळ्यांची खोली, धक्का.
तारीख: १४ मार्च, मंगळवार, सकाळचे साडेअकरा.

लिहून देणार: (सही) मापाडी, ऊर्फ फूटपट्टी

साक्षीदार १: (सही) दातांच्या डॉक्टरीणबाई. लिहून देणारीची बुद्धी शाबूत आहे. दाढा तेवढ्या नाहीत.

साक्षीदार २: (सही) थोरला भाऊ. वाचून, समजून सही केली. मला यातून काही मिळत नाही, हे ठाऊक आहे. पोरीसाठी एक ओळ लिहितो, फूटपट्टीने आता वाचली तरी हरकत नाही: जाळं मापताना कडेला मापू नकोस, मधोमध माप. कडेला आम्ही सगळे मुद्दाम मोठी भोकं विणतो.