पंपावरचा बाण

कोल्हार, मंगळवार, २ फेब्रुवारी १९७१

सुटलो एकदाचे! आयटीआयचं शेवटचं वर्ष चालू असतानाच मी नि दत्तूनं जळालेल्या विजेच्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान काढलं. सरांनी तेच आमचं प्रॅक्टिकल धरलं. आणि आज पहिल्याच गिऱ्हाइकापुढं नाक कापलं जाणार होतं.

आम्ही भरलेली मोटार सरांच्या देखत रामभाऊंच्या विहिरीवर बसवून चालू केली. आवाज झकास, पण पाण्याची धार करंगळीएवढी.

"ऊस वाळाया लागलाय, अन् ही नुस्ती गुरगुरती व्हय रं?" रामभाऊ म्हणाले.

दत्तू मोटार पुन्हा खोलायला निघाला. तेवढ्यात मला पंपावरचा बाण दिसला. मोटार त्याच्या उलटी फिरत होती! दोन वायरींची अदलाबदल केली आणि पाणी धो धो पाटात पडलं. रामभाऊंनी त्यातच तोंड धुतलं.

पण एवढा ठळक बाण, आधी कसा दिसला नाही? सर तर शेजारीच उभे होते. परतताना न राहवून विचारलं, "सर, तुम्हालाही बाण दिसला नाही?"

"लगेच दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"वर्गात असतो तर बोललो असतो. दुकान तुमचं आहे."