कॅल्क्युलेटरला पंचामृत

५ ऑक्टोबर १९९२, खंडेनवमी.
दर वर्षी आमचा रघुवीर मिलमधून पाने-पकडी आणायचा पूजेला. यंदा मिललाच कुलूप. पाटावर नुसती विळी नि अडकित्ता, शोभत नाही. सुनेचा, मंजुषाचा कॅल्क्युलेटर मांडला. तिच्या भावाने, महूच्या नीरजने दिलेला. अकरा तारखेला पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात तिची क्लार्कची परीक्षा. कॅल्क्युलेटर आपापला आणा, असं पत्रात छापलंय. हळदकुंकू वाहिलं, चमचाभर पंचामृत घातलं, पुसून जागेवर ठेवला. मंजुषा बाजारात होती. सगळं सांगत बसायची गरज नाही. दिवाळीला मिल सुरू होणारच, मग बाईमाणसाला नोकरी कशाला? पण मी आड येत नाही.

६ ऑक्टोबर, दसरा.
कॅल्क्युलेटर चालू होईना. मंजुषा बटणं दाबून दाबून रडकुंडीला. म्हटलं, तुझ्या माहेरची एक तरी वस्तू टिकलीय का?

७ ऑक्टोबर.
नवे सेल घातले. उलटे, सुलटे, परत उलटे. ढिम्म. रघुवीरला म्हटलं, वीस वर्षं मिलमध्ये मशिनी फिरवल्यास नि एवढंसं डबडं उठवता येत नाही? मिल काय उगाच बुडाली! जेवला नाही. पित्त असेल.

८ ऑक्टोबर.
माझ्या हाताला गुण आहे. उद्यापर्यंत चालू करून दाखवणार. उन्हात ठेवला, सांडग्यांशेजारी. मुंग्या लागल्या. सांडग्यांमुळे.

९ ऑक्टोबर, सकाळ.
तव्यावर फडकं, फडक्यावर कॅल्क्युलेटर. सातचं नि आठचं बटण जरा वाकलं. बाकी छान.

१० ऑक्टोबर.
दुपारी शेजारची प्रेमलता आपला कॅल्क्युलेटर घेऊन आली. उद्या मंजुषाला होईल म्हणाली. मी दारातूनच वाटेला लावली. आमचा चालतोय म्हटलं. आमची सून मागून आणलेल्या वस्तूवर परीक्षा देणार? मंजुषा न्हाणीत होती.
संध्याकाळी रघुवीरने कॅल्क्युलेटर रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडला तर आत साखर, हळद, मेलेल्या मुंग्या. विचारतो, ‘भिया, इसको भोग लगाया था क्या?’ घरी येऊन रघुवीरने हे माझ्यासमोरच मंजुषाला सांगितलं. दोघं माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, ते दुकानदार सगळे लबाड.

११ ऑक्टोबर.
मंजुषा रिकाम्या हाताने गेली. निघताना पाया पडली नाही. असल्या वागण्याने यश येतं का?

१९ ऑक्टोबर.
यादीत नाव नाही. अर्धी गणितं राहिली म्हणे. बोटं कशाला दिलीत देवाने? प्रेमलताने जिन्यात तिला, त्या दिवशी कॅल्क्युलेटर घेऊन आली होती ते सगळं सांगितलं. चहाडखोर बाई. तेव्हापासून मंजुषा माझ्यापुढे ताट ठेवते, बोलत नाही. शांतता बरी.

२३ ऑक्टोबर १९९३, खंडेनवमी.
मिल बंदच. रघुवीर तुकोगंजला एका दवाखान्याच्या दारावर स्टूल टाकून बसतो. मंजुषा दोन घरी पोळ्या लाटते. आज पाट मांडला. मंजुषाने पेटीतून तोच कॅल्क्युलेटर काढून पाटावर ठेवला. पंचामृताची वाटी माझ्याकडे सरकवली. वर्षभराने बोलली. म्हणाली, करा आई, आता घरात बिघडायला काही उरलं नाही.
चमचा उचलवेना.
वात असेल.