बारा लिहिलेली चकती

बाबा, मधली खोली रिकामी केली. तुमची लोखंडी खाट आता मागच्या पडवीत आहे, तिच्यावर नारळ ठेवतो. कपाट मुलीच्या खोलीत सरकवलं. भिंतीवरचा तुमचा फोटो काढला नाही, थोडा बाजूला घेतला, कारण त्या जागी वजनं उचलायच्या बारचं टोक येत होतं. खोली दहा बाय बारा आहे. इतकी वर्षं या घरात राहिलो, पण ती कधी मापली नव्हती. टेप लावून मापली तेव्हा जमिनीचा उतारही कळला. हा कोबा तुम्ही स्वतः घातला होता, धुतलेलं पाणी मागच्या दाराकडे जावं म्हणून. परवा रॅक बसवायला आलेल्या फिटरने पातळी लावून पाहिली आणि म्हणाला, "सायबा, जमीन वांकडी आसा." मी म्हटलं, वाकडी नाही, मुद्दाम केली आहे. त्याने दोन पायांखाली लोखंडी पट्ट्या सारल्या, कोब्यात आठ भोकं पाडली आणि बोल्ट आवळले. ड्रिलची लाल धूळ मी पुसली नाही.

रॅक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. चार उभे लोखंडी खांब, वर खाली आडव्या पट्ट्यांनी जोडलेले, माणूस आत उभा राहील एवढा पिंजरा. खांबांना वरपासून खालपर्यंत भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला आकडा. त्या भोकांत हुक अडकवायचे, हुकांवर बार ठेवायचा. बाक आत सरकवला की छातीचा व्यायाम, बाक बाहेर काढला की बैठका, वरच्या दांड्याला लोंबकळलं की हातांचा. एका चौकटीत सगळं होतं. आणि छातीच्या किंवा मांडीच्या उंचीला दोन जाड दांडे आडवे घालून ठेवायचे. हातातून बार सुटला तर तो त्या दांड्यांवर पडतो, माणसावर नाही. तुम्हाला हे एकदम पटलं असतं. हे दांडे म्हणजे तुमचा खाणीवरचा ठोकळा.

डॉक्टरनी सांगितलं म्हणून हे सगळं. हाडं विरळ होत चालली आहेत, नुसतं चालून भागणार नाही, वजन उचला, म्हणाले. तुमची सून गेल्याला तीन वर्षं झाली. मुलगी परदेशात आहे, रविवारी फोन करते. कॉलेजातून निवृत्त झालो तेव्हापासून सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की दोन पाव घेतो आणि त्याच्याशी बोललेलं एखादं वाक्य कधीकधी दिवसभरातलं एकच असतं. व्यायामशाळेत जाऊन विशीतल्या पोरांच्या मध्ये उभं राहणं जमलं नसतं. म्हापशाला शुक्रवारी बाजाराच्या गर्दीतून वाट काढत सामानाच्या दुकानात गेलो. मला फक्त एक बाक, एक बार आणि थोड्या चकत्या हव्या होत्या. दुकानदाराने विचारलं, "घरांत आनीक कोण करता?" म्हटलं, कोणी नाही. "मगीर बांक घेवन कितें करतले? फाटल्यान कोण उबो रावतलो तुमच्या?" मी बाकावरचा हात काढला. तो म्हणाला, "रॅक घेयात. हाका फाटल्यान कोणूय नाका." याला मागे कोणी लागत नाही, हे त्याने विक्रीसाठी म्हटलं होतं. मी तिथेच हो म्हणून टाकलं.

पाठीमागे तुम्ही असायचात. संध्याकाळी साडेचारला खाणीवरची गाडी तुम्हाला वडापाशी सोडायची. तुम्ही हातपाय धुऊन, चहा न घेता, थेट मागच्या खोपीत यायचात. मी एकोणीस वर्षांचा, म्हापशाच्या कॉलेजात जातो, आणि मला छाती रुंद करायची आहे. तुम्ही वर्कशॉपातल्या भंगारातून साहेबाला विचारून लोखंड आणलंय. जुन्या शाफ्टचा बार. टिपरच्या आणि लोडरच्या मोडक्या गिअरचे दात घासून केलेल्या चार चकत्या, दोन बारा किलोंच्या, दोन पंधराच्या, दिसायला जवळजवळ सारख्या. फणसाच्या फळीचा बाक, दोन बाजूंना दोन खुंट. बार पडला तर अडवणारं काहीही नाही. तुम्ही माझ्या डोक्यामागे उभे राहता, दोन्ही हात बारच्या खाली बोटभर अंतरावर. बार खाली येतो तसे हात खाली येतात, वर जातो तसे वर. कधी लागत नाहीत. मला वर तुमची हनुवटी दिसते आणि वेल्डिंगचा जळका वास येतो. घरातून आई ओरडते, "चाय निवली! लोखंडाक काय पाय फुटूचे नाय, मगे उचला!" तुम्ही तिला उत्तर देत नाही. मला म्हणता, "आणि एक. मी असंय."

एकट्याने बारखाली जायचं नाही हा तुमचा नियम होता. तो तुम्ही सावंतवाडीकडून येताना आणला नव्हता, खाणीवर शिकला होतात. जॅकवर चढवलेल्या टिपरखाली जायचं असेल तर आधी लाकडाचा ठोकळा. मी एकदा म्हणालो, जॅक एवढा भक्कम असताना ठोकळा कशाला? तुम्ही म्हणालात, "जॅकाक तोंड नाय रे झिला. पडतंय म्हणान तो सांगणा नाय."

त्या वर्षीची खंडेनवमी. वर्कशॉपात सगळं लोखंड धुऊन, रंगवून, झेंडूच्या माळा घालून ठेवायचे, त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. तुम्ही घरीही तेच केलं. उरलेला टिपरचा पिवळा रंग डब्यातून आणला आणि आदल्या दिवशी बार, चकत्या, खुंट, सगळं घासून रंगवलं. चकत्यांवर खडूने लिहिलेले आकडे पुसले गेले. पूजेनंतर तुम्ही मला म्हणालात, "दसरो झालो की बाजारात नेवन जोखून घे, मगे आकडे घाल. अंदाजान घालू नको." मी होय म्हटलं. दसऱ्याच्या सकाळी मी पांढऱ्या रंगाने आकडे घातले. अंदाजाने. पिवळ्या रंगाच्या लोखंडी चकत्या पिशवीत घालून डिचोलीच्या बाजारातून चालत जायची मला लाज वाटत होती. त्या रस्त्यावर कॉलेजातले मित्र भेटायचे.

दुपारी तुमचे वर्कशॉपातले दोघे जण सोनं द्यायला आले. एक तुमच्याच बरोबरीचा, दुसरा डिचोलीतलाच, थट्टेखोर. आपट्याची पानं हातात देऊन झाली, लाडू झाले. थट्टेखोराने माझा दंड दाबून पाहिला. "कितें रे पैलवाना, बापायक उखलून दाखय पळोवया!" सगळे हसले. तुम्हीही. मग तुम्हीच म्हणालात, चला, दाखवतो. एवढ्या वर्षांत तुम्हाला कुणाला काही दाखवताना मी पाहिलं नव्हतं. आम्ही चौघे खोपीत. मी चारही चकत्या चढवल्या, इतकं वजन त्याआधी मी एकदाच उचललं होतं. झोपलो. तुम्ही मागे. "मी असंय." बार उचलला, खाली आणला, आणि छातीपाशी तो डावीकडे गेला. मी उजवा हात दाबला, बार आणखी वाकडा झाला. तुमचे हात लगेच आले, मला तुमची बोटं बारवर दिसली, पांढरी पडलेली. तरीही तो फिरला. डावीकडच्या चकत्या जमिनीवर आदळल्या, दुसरं टोक उसळलं, तुमच्या अंगठ्यावर बसलं आणि मला खांद्यावर घासून गेलं. फार लागलं नाही. मी उठून बसलो. दोघे पाहुणे बघत होते. लाज कुठे ठेवू ते मला कळेना. मी म्हणालो, "बाबा, तुमचे हात कापतत."

तुम्ही हात समोर धरून पाहिले. आधी तळवे, मग पालथे. अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळायला लागलं होतं. थट्टेखोर म्हणाला, "लाडू चड खाल्ले रे तुवें," पण कोणी हसलं नाही. तुम्ही मला विचारलंत, "कधीपासून?" तुम्ही खरोखरच मला विचारत होतात. मी म्हणालो, "गेले चार-पाच महिने." तसं मी कधीच पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी चकत्या बाजारात नेल्या. गुळाच्या दुकानातल्या काट्यावर चारही ठेवल्या. एका बारा लिहिलेलीचे पंधरा भरले, एका पंधरा लिहिलेलीचे बारा. डावीकडे दोन्ही पंधरा होत्या, उजवीकडे दोन्ही बारा. सहा किलोंचा फरक. चांगल्या दोन हातांनाही तो धरवला नसता. दुकानदार म्हणाला, "पिवळें सोनें हाडलां मरे तुवें." मी चकत्या परत घेऊन आलो. आकडे बदलले नाहीत. बदलले असते तर तुम्ही विचारलं असतं.

महिन्याभराने तुम्ही साहेबाकडे जाऊन वेल्डिंगमधून गेटवर बदली मागून घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. रात्री जेवताना आईला एवढंच म्हणालात, "हातात आगीचा काम. कोणाक लागला तर?" आई म्हणाली, "माका तर कधी दिसाक नाय कापताना." तुम्ही म्हणालात, "झिलाक दिसला." मी भात कालवत होतो. त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही खाणीच्या गेटवर बसून दोरी ओढलीत. एका टोकाला दगड बांधलेला आडवा बांबू, मुरगाव बंदराच्या वाटेला लागणारे टिपर आले की दोरी सैल सोडायची, बांबू आपोआप वर. एकदा तुम्हाला डबा द्यायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, "बरां असा. सावलेत बसाचा. ताकद लागणा नाय." तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला होतात. जाईपर्यंत तसाच धरलात. खोपीत तुम्ही पुन्हा आला नाहीत, आणि मीही महिनाभराने उचलणं सोडलं. पाठीमागे कोणी नव्हतं.

आज सकाळी पहिल्यांदा रॅकमध्ये झोपलो. रिकामा बार घेतला. दुकानदाराने सांगितलं होतं, आडवे दांडे नीट उंचीला आहेत की नाहीत ते मुद्दाम बार सोडून बघा. मी तो छातीपर्यंत आणला आणि सोडला. खणकन आवाज झाला, भिंतीवरचा तुमचा फोटो किंचित हलला. बार माझ्या छातीपासून बोटभर अंतरावर थांबला होता. मी तसाच पडून राहिलो. मग पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. असं पाच-सहा वेळा. दर वेळी डोकं मागे करून बघत होतो. तिथे खांब आहेत आणि खिडकी.

तुम्ही गेल्यावर बार, खुंट, तीन चकत्या भंगारात दिल्या. चौथी राहिली, बारा लिहिलेली. इतकी वर्षं विहिरीच्या झाकणावर होती. आज ती घासून आत आणली. पिवळा रंग कुठेकुठे आहे, आकडा अजून वाचता येतो, अक्षर माझंच आहे. डॉक्टरनी घ्यायला लावलेला वजनकाटा जमिनीवर ठेवला, उतार नाही अशी जागा शोधून, आणि चकती त्यावर ठेवली. चौदा किलो आठशे. राहिलेलं गंजाने खाल्लं असेल.

हे पत्र कुठे ठेवायचं ते कळत नाही, बहुतेक चकतीखालीच ठेवीन. एक मात्र लिहून ठेवतो. काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत, बाबा, बारा भरावेत असं मला वाटत होतं.